क्रुसावरचा विठोबा : एका दाव्याची वंशावळ, आतापर्यंतची प्रगती

मंडळी, ‘सगळे प्राचीन धर्म एकाच गुप्त मुळातून निघाले’ असं सांगणाऱ्या जुन्या पुस्तकांची वंशावळ मांडायचं काम चालू आहे, त्याची ही पुढची नोंद. कोणी कोणाकडून काय उचललं, उचलताना काय गाळलं आणि पदरचं काय घातलं, एवढंच मी बघते. धर्मांचं मूळ एक होतं की अनेक, हे ठरवायला दहा भाषा आणि तीन जन्म लागतील. पुस्तकांचं मूळ मात्र पानासकट दाखवता येतं.

या वेळी एकच फांदी बुंध्यापर्यंत नेली. विठोबाची. आपल्याच, पंढरपूरच्या.

शेंड्याकडून सुरुवात

पद्धत नेहमीचीच. सगळ्यात ठासून केलेला दावा घ्यायचा आणि एकेक पायरी मागे जायचं. या फांदीचा शेंडा म्हणजे केर्सी ग्रेव्ह्ज. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला हा गृहस्थ क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढला आणि पुढे चर्चवर उलटला. १८७५ साली त्याने जगातल्या सोळा ‘क्रुसावर चढलेल्या तारणहारां’चं पुस्तक काढलं. येशूची गोष्ट नवी नाही, तीच गोष्ट आधी सोळा देवांच्या बाबतीत घडली होती, हा त्याचा मुद्दा.

यादी वाचताना हसावं की रडावं कळत नाही. त्यात इजिप्तचा थुलिस आहे, मेक्सिकोचा क्वेत्झलकोआत्ल आहे, ग्रीकांचा प्रॉमिथिअस आहे. तिबेटचा इंद्र आहे आणि ओरिसाचा बळी आहे, आणि दोघांच्या मरणाचं साल एकच, इ.स.पू. ७२५. पुराणात एकमेकांशी कधी पटलं नाही, निदान इथे तरी बरोबर गेले.

याच यादीत ‘तेलिंगोनेसिक’ लोकांचा विट्टोबा येतो. मृत्यू क्रुसावर, साल इ.स.पू. ५५२. पुढचा मजकूर असा : त्याच्या हातांना आणि तळपायांना खिळ्यांची भोकं दाखवतात, खिळे, हातोडे आणि पकडी यांची त्याचे भक्त पूजा करतात, लोंबार्डीच्या लोखंडी मुकुटात त्याच्याच क्रुसाचा खिळा आहे, आणि त्याची उपासना मुख्यतः त्रावणकोर आणि मदुरा भागात चालते. या सगळ्याला आधार म्हणून ‘मिस्टर हिगिन्स’ एवढं नाव.

त्या उताऱ्यात पंढरपूर नाही, वीट नाही, वारी नाही. कर कटावर ठेवून उभ्या राहिलेल्या देवाचे हात क्रुसावर पसरायचे कसे, हा प्रश्न ज्याने मूर्तीचं एकही चित्र पाहिलेलं नाही त्याला पडणारच नाही.

लोंबार्डीचा मुकुट खरा आहे. तो इटलीत मोंझाच्या कॅथेड्रलमध्ये असतो. आतल्या बाजूने एक अरुंद पट्टी आहे, ती येशूच्या क्रुसाच्या खिळ्यातून घडवली अशी तिथली श्रद्धा. १९९३ च्या तपासणीत ती पट्टी चांदीची निघाली. म्हणजे ग्रेव्ह्जने ज्या येशूला खोटा पाडायचा होता, त्याच्याच खिळ्याची दंतकथा विठोबाच्या नावावर जमा केली. या वंशावळीच्या तक्त्यात ‘पदरचं’ या रकान्यात मुकुट आणि साल, दोन्ही टाकली. साल कुठून आलं याला त्याने कसलाही आधार दिलेला नाही.

मधली कडी : हिगिन्स

इथे बराच वेळ गेला, पण मजाही इथेच आली. गॉडफ्री हिगिन्स (१७७२–१८३३) यॉर्कशायरचा जमीनदार आणि मॅजिस्ट्रेट. माणूस म्हणून मला तो आवडायला लागला आहे. यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात रुग्णांचे जे हाल चालले होते, ते १८१३ नंतर चव्हाट्यावर आणण्यात त्याचा मोठा हात होता. कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता कोठड्या स्वतः उघडायला लावणारा माणूस. आणि हाच माणूस धर्मांच्या उगमावर लिहायला बसला की कोणाच्याही तळटीपेवर डोळे मिटून विश्वास टाकतो.

त्याचं ‘ॲनाकॅलिप्सिस’ त्याच्या मृत्यूनंतर १८३६ मध्ये दोन जाडजूड खंडांत पुरं झालं. प्रती छापल्या जेमतेम दोनशे. उपशीर्षकात इजिप्तमधल्या साइस शहराच्या आयसिस देवीचा पडदा बाजूला सारण्याची प्रतिज्ञा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : फार पूर्वी एकच धर्म होता, तो जगभर पसरला, त्याचे तुकडे ड्रुइडांपासून (प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित) ब्राह्मणांपर्यंत सगळ्यांकडे उरले, आणि पुरोहितांनी त्याचं गुपित दाबून ठेवलं. नावात थोडंसं साम्य दिसलं की नातं पक्कं. ज्यांनी हे खंड अजून उघडले नसतील त्यांना एक सल्ला : सलग वाचू नका. सूचीतून आत शिरा, नाहीतर चौथ्या प्रकरणात तुम्हीही ड्रुइड व्हाल.

विठोबा त्याला मिळाला एडवर्ड मूरच्या ‘हिंदू पँथिऑन’ या १८१० च्या ग्रंथात, चित्र क्रमांक ९८ मध्ये. हिगिन्स सांगतो की या चित्रात हात पसरलेला माणूस आहे, पायाला भोक आहे, पण मागे लाकडी क्रूस नाही. म्हणजे हा ख्रिस्ती क्रूसमूर्तीचा प्रकार असूच शकत नाही, हा अवकाशात खिळलेला हिंदू देव. मूरच्याच इतर चित्रांत विठोबाच्या पावलावर खूण दिसते असंही तो म्हणतो. मग तो तिरुपतीच्या (ती त्याच्या मते ‘तेलिंगणा’तली) देवाला आणि विठोबाला एकत्र बांधतो. ग्रेव्ह्जचे ‘तेलिंगोनेसिक’ लोक इथून निघाले. आणि मूरने खरं काय ते उघड लिहिलं नाही कारण त्याला भीती वाटली, असा संशयही हिगिन्सच घेतो. पुढच्या दीडशे वर्षांतल्या ‘दडपलेल्या चित्रा’च्या सगळ्या कहाण्या या एका संशयाची लेकरं आहेत.

बुंधा : मूर आणि त्याचे पंडित

एडवर्ड मूर (१७७१–१८४८) कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. टिपूविरुद्धच्या लढाईत तो कॅप्टन लिटलच्या तुकडीतून परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर होता, धारवाडच्या वेढ्यातही होता. त्या मोहिमेवर त्याने १७९४ मध्ये पुस्तक लिहिलं, मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक ते अजून उघडतात. नंतर बरीच वर्षं मुंबईत काढली. १८०० मध्ये चिंचवडला जाऊन तिथल्या देव घराण्याची, गणपतीचा अंश पिढीजात वागवणाऱ्या पुरुषांची माहिती त्याने गोळा केली आणि ती ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकात छापून आणली. विठोबा त्याला ऐकून-वाचून नाही, चांगला माहीत होता. ‘हिंदू पँथिऑन’मध्ये पंढरपूरच्या देवाचं वेगळं वर्णन आहे.

आता ९८ क्रमांकाच्या चित्राबद्दल तो स्वतः काय म्हणतो ते बघा. देवांच्या मूर्ती आणि चित्रं आणून विकणारा एक माणूस त्याच्याकडे येत असे. त्याने एकदा अगदी एकसारख्या दोन मूर्ती आणल्या. मूरने चेहऱ्यावर काही न दाखवता आपल्या पंडितांना विचारलं, हा कोणता देव? पंडितांनी उलटसुलट करून पाहिलं, मला सांगता येत नाही म्हणाले, आणि पायातल्या भोकावरून विठोबा असू शकेल असा अंदाज केला. पुराणांत अवतार इतके, सगळे लक्षात कसे राहणार, हेही वर म्हणाले.

आणि याच्या लगोलग मूर लिहितो की हे चित्र उघडच ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचं आहे, घडणीवरून ते युरोपी आहे, एकसारख्या दोन प्रती असणं हाही त्याचाच पुरावा, आणि मिशनऱ्यांमार्फत अशा वस्तू हिंदुस्थानात आल्या असाव्यात.

संपलं. बुंध्याशीच उत्तर लिहिलेलं आहे.

हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. ज्या पानावरून विठोबा क्रुसावर चढला, त्याच पानावर तो विठोबा नाही हे लिहिलं आहे. हिगिन्सने ते वाचलं होतं. लपवलंही नाही. फक्त ‘हे पटत नाही’ म्हणून बाजूला सारलं. पुढच्यांनी हिगिन्सवर भागवलं आणि मूर उघडायची तसदी घेतली नाही.

क्रूस का दिसत नाही याचं उत्तर तर गोव्यातल्या कोणत्याही जुन्या घरात मिळेल. ख्रिस्ताची मूर्ती हस्तिदंताची असो की धातूची, ती वेगळी घडवतात आणि मग लाकडी क्रुसावर खिळ्यांनी बसवतात. लाकूड कुजतं, मोडतं, हरवतं. मूर्ती उरते, हात पसरलेली, पायात खिळ्याचं भोक असलेली. असं सुटं धड एखाद्या मूर्तिविक्याच्या पिशवीत सापडावं यात नवल काही नाही. त्यात ना अवकाश, ना गूढ.

पंडितांची बाजू

या पंडितांचं नाव मूरने दिलेलं नाही, आणि पुढच्या सगळ्या पुस्तकांत ते एक तर गायब आहेत किंवा ‘हिंदू विद्वानांनी कबूल केलं’ अशा अनेकवचनात फुगलेले आहेत. मला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटत राहिलं. पायाला भोक दिसलं आणि विठोबाच का आठवला?

पंढरपूरच्या परंपरेत याचं उत्तर आहे असं माझं मत झालं आहे. देवाच्या पायावर एक खोलगट खूण आहे आणि ती मुक्तकेशी नावाच्या दासीच्या बोटाची म्हणून सांगतात. पायांना तिचं बोट लागलं आणि ते रुतलं, अशी कथा. पदस्पर्शाला गेलेल्या पुष्कळ वारकऱ्यांनी ती बडव्यांच्या तोंडून ऐकली असेल. मुंबई-पुण्याकडच्या पंडिताला ‘पायावर खळगा असलेला देव’ म्हटल्यावर विठोबा सुचणं अगदी सरळ आहे. दुसरी शक्यता ‘जरा’ नावाच्या व्याधाच्या बाणाची, तो कृष्णाच्या तळव्यात लागला. पण तसं असतं तर पंडितांनी कृष्णाचंच नाव घेतलं असतं. म्हणून माझा कौल मुक्तकेशीला.

म्हणजे एका गरीब दासीच्या हळुवार बोटाची खूण, इंग्रजी तळटीपांतून फिरत फिरत, खिळ्याची जखम झाली. हिगिन्स, लंडी, ग्रेव्ह्ज यांपैकी एकालाही मुक्तकेशी माहीत नव्हती.

एकच चित्र, चार मालक

लंडीचं नाव आलंच आहे तर तेही उरकते. जॉन पी. लंडी अमेरिकन पाद्री. १८७६ च्या त्याच्या ख्रिस्ती कलेवरच्या ग्रंथात हेच चित्र आहे. त्याच्या मते हा आकाशात खिळलेला, ख्रिस्तपूर्व आशियाई क्रूस आणि म्हणूनच ख्रिस्ताची पूर्वसूचना. पुढल्याच वर्षी थिऑसॉफी चळवळ सुरू करणाऱ्या हेलेना ब्लाव्हाट्स्कीचं ‘आयसिस अनव्हेल्ड’ आलं. नावातला आयसिसचा पडदा ओळखीचा वाटतो ना? हिगिन्स आणि लंडी दोघांचंही तिने भरपूर घेतलं. विल्यम एमेट कोलमन नावाच्या टीकाकाराने पुढे तिच्या पुस्तकातले आधार न देता उचललेले उतारे शोधले आणि आकडा दोन हजारांच्या घरात सांगितला. आमच्या छंदातला तो आद्य पुरुष म्हणायला हरकत नाही, जरी स्वभावाने जरा कडवट.

गंमत अशी की एकाच चित्रातून हिगिन्सने एक आदिधर्म काढला, लंडीने ख्रिस्ताची भविष्यवाणी काढली, ब्लाव्हाट्स्कीने प्राचीन गुप्तविद्या काढली आणि ग्रेव्ह्जने ख्रिस्त खोटा ठरवला. चौघे एका खोलीत बसले असते तर भांडून उठले असते. चित्राबद्दल मात्र चौघांचं एकमत.

बाईंबद्दल आणखी एक. १६ फेब्रुवारी १८७९ ला त्या चळवळीतले साथीदार कर्नल ऑल्कट यांच्याबरोबर मुंबईत उतरल्या आणि गिरगावात राहिल्या. त्यांचं ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतून सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला, पण त्याआधी बराच काळ त्या अशा वस्तीत होत्या जिथे घरटी विठोबाची तसबीर असेल. आषाढात टाळ वाजत गेले असतील. कोणा शेजाऱ्याला विचारायची देर होती.

फावल्या वेळात : विल्फर्ड

ही वेगळी फांदी, पण हिगिन्सच्या मुळाशी जाऊन भिडते म्हणून थोडक्यात. फ्रान्सिस विल्फर्ड हा कंपनीचा लष्करी अधिकारी बनारसला राहून पुराणांत नाईल नदी, इजिप्त आणि नोहा शोधत होता. साहेबाला काय हवं हे त्याच्या पंडिताने ओळखलं आणि पोथ्यांत तसं लिहून द्यायला सुरुवात केली. १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लेख छापला गेला, खुद्द विल्यम जोन्सने, एशियाटिक सोसायटीच्या संस्थापकाने, पाठ थोपटली. पुढे शाईचा आणि पानांचा फरक विल्फर्डच्या लक्षात आला. पंडिताने शपथा घेतल्या, साक्षीला दहा ब्राह्मण उभे केले, पण बिंग फुटलं. १८०५ मध्ये विल्फर्डने ही फसवणूक त्याच नियतकालिकात स्वतः जाहीर केली.

तरीही हिगिन्स तीस वर्षांनी विल्फर्डचे दाखले देतो. नाईलचा उगम शोधणारा स्पेक १८६३ च्या पुस्तकात विल्फर्डचा नकाशा छापतो. कबुली छापली म्हणून मूळ लेख छापखान्यातून परत येत नाही.

ज्यांना हे मूळ लेख बघायचे आहेत त्यांच्यासाठी : १७९२ च्या छपाईतला लांब ‘एस’ ओसीआरला (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला) ‘एफ’ वाटतो, त्यामुळे साधा शोध लागतच नाही. मी शब्द दोन्ही प्रकारे टाकून शोधते. विठोबासाठी रोमन लिपीतली जेवढी रूपं सुचतील तेवढी, डब्ल्यूने आणि व्हीने सुरू होणारी, दोन टी आणि टीएच अशी सगळी. आणि स्कॅनमध्ये ९८ क्रमांकाचं चित्र दिसलं नाही की लगेच ‘दडपलं’ म्हणू नका. त्या काळी चित्रांची पानं वेगळी छापून बांधणारा बांधत असे. पानं इकडेतिकडे लागतात, फाटतात, विकली जातात. १८६४ ची मद्रास आवृत्ती तर रेव्हरंड सिम्पसनने मुळातच संक्षिप्त केलेली आहे, तिच्यावरून मूरबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

इ.स.पू. ५५२ च्या शेजारी काय ठेवायचं

तक्त्यात ‘पुराव्याने काय दिसतं’ हा रकाना रिकामा ठेवणं मला पटत नाही, म्हणून पंढरपूरचे शिलालेख पाहिले. होयसळ राजा सोमेश्वराचा लेख १२३७ चा. मग १२७३ ते १२७७ या वर्षांतला चौऱ्यांशीचा शिलालेख, देवळाला देणग्या देणाऱ्यांची यादी, त्यात यादव राजा रामचंद्र आणि हेमाद्री. त्याही आधीचे मोडके दुवे जोडता येतात, त्यावर वाद आहेत. पण ग्रेव्ह्जचं साल या सगळ्यापासून सुमारे अठरा शतकं दूर पडतं.

आणि इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. विठोबा आणि तिरुपतीचा व्यंकटेश यांचं नातं हिगिन्सने नावांच्या ओढाताणीतून लावलं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९८४ मध्ये, रा. चिं. ढेरे यांनीही या दोन देवांचं नातं मांडलं. पण त्यांची वाट गवळी-धनगरांच्या देवांमधून, स्थलपुराणांमधून, मूर्तींमधून आणि लोकगीतांमधून जाते. प्रत्येक पायरीला आधार आहे, कोणाला पटलं नाही तर कोणती पायरी पटत नाही ते बोट ठेवून सांगता येतं. समान मुळाचा शोध म्हणजे वेडगळपणाच, असं मानणाऱ्यांना मी हे दोन उतारे शेजारी ठेवून दाखवते. हिगिन्सच्या पानावर बोट ठेवायला जागाच सापडत नाही, सगळं एकदम मान्य करा किंवा एकदम सोडा.

पुढचं

विठोबाची फांदी तक्त्यात बंद केली. एकूण पाच पायऱ्या : पंडितांचा अंदाज, मूरचा स्पष्ट नकार, हिगिन्सचा संशय, ग्रेव्ह्जचं साल, लंडीचं आकाश. ब्लाव्हाट्स्कीला आडफांदी दाखवली आहे. ‘काय गाळलं’ या रकान्यात हिगिन्सनंतर प्रत्येक ओळीत एकच नोंद आहे, मूरचं ते वाक्य.

नवीन पान उत्तर ध्रुवाचं उघडलं आहे. १८८५ मध्ये वॉरन नावाच्या अमेरिकन धर्मशास्त्र्याने मानवाचं नंदनवन ध्रुवावर ठेवलं, आणि १९०३ मध्ये टिळकांनी वेदांतल्या दीर्घ उषांवरून आर्यांचं मूळ घर तिकडे नेलं. टिळक वॉरनचं ऋण उघडपणे मान्य करतात आणि ऋचा क्रमांकासह देतात, त्यामुळे ही फांदी तपासायला सोपी जाईल असं दिसतं. तिला पुढे युरोपात जे धुमारे फुटले ते मात्र सोपे नाहीत. वॉरन निम्मा वाचून झाला आहे, आणि त्याच्याही मागे अठराव्या शतकातला फ्रेंच खगोलज्ञ बेली उभा आहे. तो फ्रेंचमध्ये. ज्यांना फ्रेंच येतं त्यांनी हात वर करा.